एरंडाचं पान

सोजरमावशीचं नाव आधी लिहितो. झालं ते नंतर.

देवगाव फाट्यापासून आत, चिखलाच्या वाटेवर आमचं केंद्र आहे. आसपासच्या गावांतले शेतकरी चार-चार दिवसांच्या शिबिराला येतात. विकतचं खत, औषध कमी कसं करायचं, माती जिवंत कशी ठेवायची, हे इथं शेतात उतरून शिकवतात. सोजरमावशी केंद्राच्या गोठ्यात शेणकाम करते. मी गंगाखेडच्या डोंगराकडून पिशवी घेऊन आलो, तेव्हा तिनं कुणाचा, कुठला असलं काही विचारलं नाही. "भाकर खाल्लीस का?" एवढंच विचारलं. गोठ्यामागची खोली तिनंच व्यवस्थापकांना सांगून मला मिळवून दिली. आणि खताचा खड्डाही तिनंच शिकवला. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा थर, त्यावर पाला, शेणकाला, राख, माती. मग पुन्हा पऱ्हाट्या.

"हात घाल आत," ती म्हणायची. "कोपरापर्यंत. हाताला चटका बसला तर कच्चं. गार लागलं अन् मातीवाणी वास आला, तर पिकलं."

सगळी विद्या तिची. पण तिला वाचता येत नव्हतं आणि मला येत होतं, म्हणून शिकवायला मला उभं केलं.

माझी शाळा सातवीत सुटली. नामांतराच्या दंगलीत आमचा बौद्धवाडा जळाला. दप्तर घरातच होतं. त्यानंतर शाळेच्या दाराशी मी गेलो नाही. त्यामुळं केंद्रात कुणी "मास्तर" म्हणालं की मी दचकायचो. वाटायचं, आता हे कळेल कुणाला तरी आणि पिशवी उचलावी लागेल.

पहिलं शिबिर. व्यवस्थापकांनी माझी ओळख करून दिली, आडनावासकट. मग ते लिंबाखाली बोलले. झाड, जनावर, गांडूळ, माणूस, सगळे एकमेकांच्या आधारानं जगतात. यातला एक जरी बाजूला काढला तरी साखळी तुटते. बोलायचे फार छान. मला पाठ झालं होतं.

बोलणं संपलं. मी खड्ड्यातून ओंजळभर खत काढलं आणि पहिल्या माणसापुढं धरलं. पांढरा पायजमा, हातात घड्याळ. माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल.

त्यानं दोन्ही हात पाठीमागं नेले.

"खाली ठिव की. उचलून घेतो."

मागून एक जण म्हणाला, "मास्तर नवा हाय, शिकंल." हसले सगळे.

मीही हसलो.

हे लिहिताना अजून कानशिलं तापतात. मी हसलो, वाकलो आणि ते खत त्याच्या पायांशी ठेवलं. मातीतून निघालेलं, मातीत ठेवलं, मग त्यानं दोन बोटांनी उचललं. व्यवस्थापक पाहत होते. मग ते लिंबाकडं पाहायला लागले.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "तू समजूतदार आहेस," म्हणाले. "लोक दुरून येतात. हळूहळू बदलतील."

समजूतदार. त्या शब्दानं मी सुखावलो. खोली राहिली, भाकर राहिली. आई-बापाला पत्रात लिहिलं, इथं मला लय मान हाय.

दुसऱ्या शिबिरापासून कुणाला काही सांगावंच लागलं नाही. बांधावर एरंड होता. मी सकाळीच त्याची पानं तोडायचो, पंज्यासारखी बोटं फुटलेली. लिंबाखाली ओळीनं मांडायचो. प्रत्येक पानावर कच्चं खत एक मूठ, पिकलेलं एक मूठ. माणसं यायची, भाषण ऐकायची, मग आपापल्या पानावरचं उचलायची. माझ्या हाताचा प्रश्नच उरला नाही. "व्यवस्था चांगली केलीस," व्यवस्थापक म्हणाले. माझी ही युक्ती मला हुशारीची वाटत होती. कुणी लादली नव्हती. मीच शोधून काढली होती.

सोजरमावशी शेणाची पाटी घेऊन जाता-येता ती पानं बघायची.

पावसाळा सरता सरता वालूरकडचा एक शेतकरी तावातावानं केंद्रात आला.

"कुठंय तुमचा मास्तर? खत पिकलं म्हणून मिरचीला घातलं. सगळी रोपं जळाली माझी!"

व्यवस्थापकांनी माझ्याकडं पाहिलं. "काय शिकवलंस यांना?"

मला क्षणात कळलं काय झालं ते. भाषण तासभर चालायचं. तेवढ्यात पानावरचं कच्चं खत निवून जायचं. दोन्ही मुठी सारख्याच गार. कच्च्याचा चटका कसा असतो ते त्या माणसाच्या हाताला कळलंच नव्हतं, म्हणून घरचं कच्चं खत त्याला पिकलेलं वाटलं. मी लोकांना खोटं शिकवत होतो. माझ्या हातातून घ्यायला नको म्हणून.

मी हे बोललो नाही. दोन्ही हात जोडले. "चूक झाली, दादा," म्हणालो.

"शिकवायला कुणाला बी उभं करतेत," तो म्हणाला आणि गेला.

मी खड्ड्यावर येऊन बसलो. सोजरमावशी आली. पाटी खाली टाकली, लुगड्याला हात पुसले आणि तळवा पुढं केला.

"दे बरं. बघू, हे कच्चं हाय का पिकलं."

मी खड्ड्यातून मूठ काढली. आणि शेजारी पडलेलं एरंडाचं पान घेतलं. त्यावर ठेवली. तिच्यापुढं सरकवलं.

माझ्याच हातांनी केलं हे. विचार न करता.

ती पानाकडं बघत राहिली. तळवा तसाच पुढं. मग म्हणाली, "काय रं मास्तर, मला बी पानावर वाढायलास?"

मला वर बघवेना. वाडा जळाला तेव्हा मी रडलो होतो. तेव्हा लाज वाटली नव्हती, कारण जाळणारे दुसरे होते.

तिनं पान बाजूला केलं. मनगट धरून माझा हात खड्ड्यात घातला, चटका बसेपर्यंत.

"कळलं का? हातालाच कळतं हे," म्हणाली आणि पाटी उचलून गेली.

पुढच्या शिबिराला मी पानं तोडली नाहीत. भाषण झालं. मी कच्चं खत ओंजळीत घेऊन उभा राहिलो. वाफ निघत होती.

"पान कुठंय?" व्यवस्थापकांनी हळूच विचारलं.

"न्हाई."

"अरे, ठेव ना खाली. पाहुणे आहेत."

"कच्चं का पिकलं हे हातालाच कळतं, साहेब. घ्यायचं तर हातातून घ्यावं लागंल."

ओंजळ मी तशीच पुढं धरली. ओळीतला पहिला सरकला, दुसरा सरकला. एक जण बिडी पेटवायला गेला. शेवटपर्यंत कुणीही हात पुढं केला नाही. खत माझ्याच ओंजळीत निवलं. ते मी परत खड्ड्यात टाकलं आणि सांगितलं, "आजचा धडा झाला न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणं बंद. आता मी गोठ्यात आहे, सोजरमावशीच्या बरोबरीनं शेण उचलतो. लिंबाखाली दुसरा माणूस उभा राहतो. तो पानं मांडतो. रोपं जळतील पुन्हा.

खोली कधी जाईल सांगता येत नाही. भीती गेलेली नाही. पण पान मी पुन्हा तोडणार नाही, इथं नाही आणि कुठंच नाही. इथं जमलं नाही तर रस्त्याकडेला खड्डा खणीन, तिथं शिकवीन. आणि मावशी, तुझं देणं मी असं फेडीन. त्या खड्ड्यावर मास्तर म्हणून तू उभी राहशील. तुझ्या ओंजळीत वाफाळतं कच्चं खत असेल. ज्याला शिकायचं त्यानं ते तुझ्या हातातून घ्यायचं. ओळीत पहिला हात माझा असेल, उघडा.