झिरप्यांचं शेवटचं गाव

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. इंदूअक्का गेली तेव्हा तिच्या उशाशी जो पितळी तांब्या होता, त्यातलं पाणी तळ्याचं नव्हतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं होतं.

राजाजीनगरात अक्काचं घर आमच्या घराला लागून. ती एका कचेरीत नकाशे गिरवायची. खाली मूळ नकाशा, वर पारदर्शक कागद, हातात बारीक टोकाचं शाईचं पेन. रेघ संपेपर्यंत ती श्वास सोडायची नाही. मी जमिनी मोजायच्या धंद्यात पडलो तो तिचा हात बघून.

मंजू तिची एकुलती एक, माझ्याच वर्गात. झिरपे मंजूनं मनानं रचलेले. बोटाएवढे, चिखलाच्या रंगाचे. तळ्यांच्या तळाशी राहणारे, ओल झिरपते त्या वाटेनं गावाहून गावाला जाणारे. त्यांचं मूळ गाव आमच्या शाळेमागच्या तळ्यात. अक्काच्या वाया गेलेल्या कागदावर मंजूनं त्यांचा मुलूख मांडला होता : पाच तळी, पाच गावं. नऊ वर्षांची होती, तापात गेली.

पुढच्या वर्षी शाळेमागचं तळं बुजवायला घेतलं. अक्का तांब्या घेऊन निघाली, मला म्हणाली, "चल रे." उरल्या डबक्यातलं पाणी तिनं भरलं आणि बसमध्ये तांब्याच्या तोंडावर तळहात धरून दुसऱ्या तळ्यावर नेऊन ओतलं. घरी येऊन नकाशावर बाण काढला.

"अक्का, खरंच असतात का गं ते?"

"छे रे, खोटंच. पण घर मोडलं तर दुसरं बघून द्यायला नको?"

तळी जात राहिली, बाण वाढत राहिले. शेजारणी विचारायच्या, "काय अक्का, हलवलं का पाहुण्यांचं बिऱ्हाड?" ती कानडी मिसळून म्हणायची, "स्वल्पच सामान हो. भांडीकुंडी नसतात त्यांच्यात."

मग तिचे गुडघे गेले. मला म्हणाली, "श्रीधरा, तू जमिनी मोजतोस. पुसलं जाणार नाही असं एक तळं सांग. मला आता पुन्हा पुन्हा जमायचं नाही." मी शहराच्या कडेचं एक सांगितलं. रिक्षानं गेलो. पायरीवर बसून तिनं हळूहळू पाणी ओतलं, शेवटचे थेंबसुद्धा झटकले. "सरी, ठीक झालं. बसा आता सुखानं."

तीन वर्षांनी त्याच जागेची मोजणी माझ्याकडे आली. ऐन उन्हाळा, तळ भेगाळलेला. मालकाचा माणूस म्हणाला, "सर, पाणी कुठं आहे? दिसतं तेच लिहा की." मी दिसलं तेच लिहिलं : सखल पडीक जमीन. काठाचा दगडी बांध मात्र नकाशात घेतला नाही. तो घेतला असता तर आत काय होतं, हे कुणीतरी विचारलं असतं. मला कुणी धमकावलं नव्हतं, काही देऊ केलं नव्हतं. पुढचं काम मिळावं, एवढंच मनात होतं.

त्यानंतरही अक्का विचारायची, "कसे आहेत रे?" मी सांगायचो, "मजेत. पाणी भरपूर आहे." तोवर तिथं चार मजले उभे राहिले होते.

अंथरुणाला खिळल्यावर ती म्हणाली, "तिथलं तांब्याभर आण. एकदा बघते त्यांना." मी तांब्या घेऊन निघालो. आमच्या स्वयंपाकघरापर्यंतच गेलो. तासभर तिथंच बसलो आणि मग नळ सोडला.

अक्कानं पाण्यात बोट बुडवलं, नाकाशी नेलं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असतो. तो इथं कुणाला कळत नाही? तिनं ओलं बोट पदराला पुसलं. मग तांब्यावर तळहात ठेवून म्हणाली, "स्वल्प दमलेत. सरी. आणलंस ना." पुन्हा काही विचारलं नाही. चौथ्या दिवशी गेली.

मंजूचा नकाशा आता माझ्याकडे आहे. शेवटचा बाण त्या तळ्यापाशी थांबतो. काठाचा बांध अक्कानं दगड न् दगड गिरवलाय. थरथरत्या हाताचा, पण रेघ कुठं तुटलेली नाही. माझ्या नकाशात तो नाही.

तिथं तळं होतं आणि ते मी गाळलं, एवढं माझ्या सहीनिशी लिहून देणं अजून बाकी आहे.