कमलवहिनींच्या नव्या चपला

आमच्या मेहकरच्या सोमवारच्या भजनी मंडळात भजनं होतात चार, अन् गोष्टी किती ते विचारू नका. प्रसाद वाटून संपतो, गोष्टी पदराला चिकटून घरी येतात. सध्या निम्म्या गोष्टी कमलवहिनींच्या व्रताच्या आहेत. त्यांचा गणेश फौजेत, बर्फाच्या चौकीवर. पोरगा बर्फात पहाऱ्याला उभा आहे तोवर आपण पायात चप्पल घालायची नाही, असा त्यांचा संकल्प. मेहकरच्या उन्हात हे तिसरं वर्ष.

*

एकदा टीव्हीवर एक साहेब सांगत होते, देशाच्या सुरक्षेसाठी आता सगळी सरकारं एआयला पहिला मान देतात. मी वहिनींना म्हटलं, "सीमेवर हुशार कॅमेरे येणार म्हणे."

वहिनी वाती वळत म्हणाल्या, "पह्यला मान गणपतीचा. दुसरा घेऊ द्या त्याले."

*

मग सुनेनं त्यांच्या फोनमध्ये एआय घालून दिलं. वहिनींनी सगळ्यांसमोर विचारलं, "माहा गणेश कोन्या चौकीवर हाय?"

उत्तर आलं, ते मला माहीत नाही.

आम्हाला वाटलं, वहिनी हिरमुसतील. त्या तर खूश. "शहाणं हाय. गणेश बी मले सांगत नाही."

*

कॅमेरे खरंच चौकीवर आले. गणेशचा फोन आला तेव्हा आम्ही वहिनींच्या ओट्यावरच होतो.

"आई, काल कॅमेऱ्यानं घंटी वाजवली, माणूस आला म्हणून. पाह्यलं तं मेंढी."

"रागावू नको त्याले. तू बी लहानपणी दुसऱ्याची म्हैस आपली म्हणून बांधून घेतली होती."

"आमचीच होती ती," शेजारच्या नसीमभाभी म्हणाल्या. "दूध बी काढलं होतं त्यानं."

*

यंदा श्रावणात पुन्हा फोन. "आई, मले आता बाहेर उभं राहा लागत नाही. आत खुर्चीवर बसून कॅमेऱ्याचं पाह्यतो. शेगडी हाय जवळ. तू चप्पल घाल."

नसीमभाभी त्याच दुपारी नव्या चपला घेऊन आल्या. अंगणात उमटलेल्या वहिनींच्या पावलाच्या ओल्या ठशावर कागद ठेवून त्यांनी माप कधीच घेऊन ठेवलं होतं. आम्ही सगळ्या जमलो. वहिनींनी चपला समोर ठेवल्या अन् गणेशला फोन लावला.

"खरं सांग. आता बर्फात कोणीच उभं राहत नाही?"

"दोघं राह्यतात, आई. धुक्यात कॅमेऱ्याले अजून नीट समजत नाही. शिकवून राह्यलो आम्ही त्याले."

"नावं काय त्या दोघांची?"

"ते नाही सांगता येत."

"बरं."

वहिनींनी चपला पुन्हा खोक्यात घातल्या. खोका दारामागच्या फळीवर, हात सहज पोचेल असा ठेवला.

"काऊन वो? घाला ना," नसीमभाभी म्हणाल्या.

"घालीन ना. भाभी, तुम्ही बी दुआ मांगा. कॅमेरा लवकर शिकला पाह्यजे."