आप्पांना सांगितलेला पिक्चर

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. आईला फोनवरसुद्धा नाही. जिभेच्या टोकापर्यंत यायचं आणि मी विचारायचो, शेळी व्याली का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय बहुतेक.

मी उदगीरकडचा. आठवीत शाळा सुटली. आता डोंबिवलीत आप्पांच्या घरी राहतो, त्यांना सांभाळायला. आप्पा कॉलेजात शिकवायचे. आता डोळ्यांना नुसत्या सावल्या कळतात. पण मला कधी नोकर म्हणाले नाहीत. जेवायला शेजारी बसवतात. मला ताप आला तेव्हा चाचपडत चाचपडत कपाळावर पट्ट्या ठेवल्या — निम्म्या उशीवर पडल्या, पण ठेवल्या. आणि अशा माणसाशी मी — थांबा, नीट सांगतो.

टीव्हीवर एकच चॅनल होतं तेव्हा एका गुप्तहेराची मालिका लागायची. आप्पांचा तिच्यावर जीव. त्यातला हेर म्हणे दिसायला साधा कारकून, हातात जेवणाचा डबा. पिस्तूल कधी काढलंच नाही. समोरच्याला चहा पाजून बोलतं करायचा. त्या मालिकेचा आता नवा, चकाचक पिक्चर आला. मी आप्पांना ठाण्याला घेऊन गेलो. ठरलेलं असं, की ते ऐकणार आणि पडद्यावर काय दिसतंय ते मी कानात सांगणार.

जुनी धून वाजली. आप्पांनी माझा हात घट्ट धरला. आणि हेर आला — उघडाबंब, अंगाला तेल, हेलिकॉप्टरला लोंबकळत.

"डबा आहे ना रे हातात?"

आप्पांचा तो चेहरा बघून तुम्ही काय म्हणाला असता? मी म्हणालो, "आहे आप्पा. तीन पुडांचा."

तिथून मी सुटलोच. हेलिकॉप्टरची मी पिठाची गिरणी केली. स्फोट झाला — शत्रूच्या स्वयंपाकघरात कुकर उडाला. गाणं लागलं, बायका समुद्रात नाचायला लागल्या — शेजारी लग्न आहे आप्पा, हेर वरातीत लपलाय. हेर बोलत फार नव्हता, गॉगल लावून नुसता सावकाश चालायचा, हे माझं नशीब. मागचा एक पोरगा पुढे वाकून म्हणाला, "दादा, जरा मोठ्यानं बोला ना. तुमचावाला पिक्चर भारी आहे."

आप्पा बाहेर आले ते तृप्त. "संयम राखलाय हो दिग्दर्शकानं," म्हणाले.

इथंच संपलं असतं तर काय बिघडलं असतं? पण बागेत आप्पांचा निवृत्त मंडळींचा कट्टा आहे, आणि पिक्चर बघून आलेल्यानं तिथं तो अख्खा सांगायचा असा रिवाज. आप्पांनी सांगितला. वरात, कुकर, सगळं. आप्पांच्या शब्दाला वजन. दामलेकाका लगेच सगळ्यांना घेऊन ठाण्याला गेले. बायकांसकट.

परत आले ते तापूनच. "अहो आप्पा, कसला डबा घेऊन बसलात? त्या माणसाच्या अंगात बनियनसुद्धा नाही! आमची ही अर्धा वेळ पदर तोंडावर घेऊन बसलेली!"

सगळे हसले. आप्पाही हसले. मग माझ्या दिशेला वळले. "तू होतास ना रे. सांग यांना."

खरं सांगितलं तर आप्पा मला ठेवतील का? गावी कुठल्या तोंडानं जाऊ? — डोक्यात एवढंच. आणि मी — हेच ते — मी म्हणालो, "आप्पा, तुम्हाला डोळा लागला होता. स्वप्न पडलं असेल."

पिक्चरमधलं खोटं मायेनं बोललो, असं म्हणता येईल. हे भीतीनं बोललो. सगळ्यांसमोर.

आप्पा "असेल" एवढंच म्हणाले.

मग त्यांच्या लेकीच्या, ताईंच्या कानावर गेलं. त्या कोलशेतहून धावत आल्या, आप्पांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. आप्पांना ते पटलं नाही. कट्ट्यावर ते अजून जातात, पण काही सांगत नाहीत, दुसऱ्यांचं ऐकतात. घरी दूधवाला येऊन गेला, ताईंचा फोन येऊन गेला — साधं काहीही असो — मला हळूच विचारतात, "हे झालं ना रे खरंच? की मला डोळा लागला होता?"

"झालं आप्पा," मी म्हणतो.

मग ते निर्धास्त होतात. मी सांगितलं म्हणून.