सरळ केलेली वाट

"अरे, इकडून नाही. कालव्याकडून ने."

आईची तिरडी आमच्या खांद्यावर होती. गल्लीच्या तोंडाशी तिथलेच एक गृहस्थ आडवे उभे राहिले. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, कपाळाला ताजं गंध. त्यांच्या घरी लग्न होतं. पंगतीची केळीची पानं आदल्या संध्याकाळी माझ्याच दुकानातून, माझ्याच हातगाडीवरून त्यांच्या दारात गेली होती. माझी पानं त्या गल्लीतून जातात. माझी आई नाही.

"सार, मसण या गल्लीच्या समोरच आहे," मी म्हणालो.

"तुझ्या बापजाद्यांनी कधी मागितली का ही वाट?"

नव्हती मागितली. मराठा राजांच्या घोड्यांची लीद काढायला आमचे लोक तंजावुरात आले. यांचे लोक त्याच राजांची कचेरी सांभाळायला. मला अडवलं तेही मराठीतच.

आम्ही वळलो. कालव्याकाठी चिखल. भावजी घसरले, तिरडी कलली, आईचा हात कापडाबाहेर आला. मी तो आत घातला. मग खिशातला फोन काढून ॲप चालू केलं.

ते ॲप कॉलेजातल्या एका मॅडमनी घातलं होतं. कुठंच नोंद नसलेल्या वस्त्यांचा डिजिटल नकाशा त्या करत होत्या. आपण चालू तशी वाट त्यात उमटते. मी सौदा केला होता: वस्तीच्या वाटा चालून देतो, मोबदला नको, पण वाट आहे तशीच दाखवायची. त्या कबूल झाल्या होत्या.

पुढं कॉलेजच्या सभागृहात पडद्यावर नकाशा उजळला. आईची रेघ सरळ त्या गल्लीतून गेलेली. त्यांच्या दारावरून.

"मॅडम, आई इथून गेली नाही."

"अण्णा, तुमची रेघ कालव्याकडे भरकटली होती. अशी चूक झाली की प्रोग्रॅम ती जवळच्या रस्त्यावर बसवतो."

"चूक नाही. आम्हाला तिकडून हाकललं."

त्या हळूच म्हणाल्या, "तसं दाखवलं तर गल्लीतले लोक दुखावतील. राहू द्या ना सरळ. दिसायलाही बरं."

वाट अडवणारे ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले होते. नकाशासाठी गल्लीचे जुने फोटो दिले म्हणून शाल मिळाली होती.

"सौदा मोडलात! पुसा ती रेघ!" मी ओरडलो. दोघांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं.

रेघ अजून तशीच आहे. कुणीही उघडून बघावं: माझी आई मानानं त्यांच्या दारावरून जाते. आमचा चिखल नकाशातूनही गेला.

आता अप्पांनी, माझ्या वडलांनी, अंथरूण धरलंय. मी घरात सांगून ठेवलंय, यांना त्या गल्लीतूनच न्यायचं. भावजी मान खाली घालतात. "अण्णा, आपल्याला इथंच पोट भरायचंय." वस्तीतलं कुणी खांदा देणार नाही. कळतं मला. तिथं मला मारतील, हेही कळतं. नंतर काही बदलेल असंही नाही.

तरी नेणार. खांदे मिळाले नाहीत तर अप्पांना पानांच्या हातगाडीवर घालीन. त्या गल्लीत या गाडीला आजवर कुणी अडवलेलं नाही.