जित्या माणसाच्या फोटोला हार

पिक्चर कसा होता ते एका दमात सांगते. जवान दिवाळीच्या सुट्टीवर गावी येतो. मुंबईची मुलगी शेजारच्या फार्महाऊसवर येते. दोघं भांडतात, आकाशकंदील लावताना एकमेकांच्या अंगावर पडतात, त्याची रजा रद्द होते, ती स्टेशनवर धावते. संपलं. असल्या पिक्चरसाठी कर्जतच्या डोंगराखाली एका आदिवासी वाडीच्या माळावर प्लायवूडची लष्करी छावणी उभी राहिली. वाडीला प्यायला पाणी नाही आणि छावणीला रोज टँकर! याचा मी आजही निषेध करते.

मी भिसेगावची. पाण्याच्या मागणीची पत्रकं घेऊन वाडीवर जायचे. तिथला एक जण साजगावच्या कारखान्यात वॉचमन होता. शूटिंगवाल्यांनी त्याच्या झुपकेदार मिशा पाहून त्याला बोलावलं, गणवेश चढवला, खुर्चीत बसवून फोटो काढला आणि सोडून दिलं. "माजा रोल हाय," तो सांगत सुटला. पुन्हा बोलावणं आलं नाही, तरी त्याची खात्री ढळली नाही.

पिक्चर आला तेव्हा मी आमच्या संघटनेचा प्रोजेक्टर नेला आणि भर दुपारी दारंखिडक्या लावून अंगणवाडीच्या भिंतीवर तो दाखवला. वॉचमन धुतलेला शर्ट घालून सगळ्यांत पुढे.

बायका पुढचं आधीच सांगत होत्या.

"आता घसरंल बग ती."

घसरली.

"आता त्यो धरंल."

धरलं.

"तुजा रोल कवा रं? पिक्चर संपल्यावर?"

"थांब की गं जरा!"

मग नायक घरात शिरला, चपला काढल्या आणि भिंतीकडे वळून सॅल्यूट ठोकला. भिंतीवर त्याचा शहीद बाप. गळ्यात हार, खाली पणती. मिशा आमच्या वॉचमनच्या.

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. एकेक मान भिंतीकडून त्याच्याकडे वळली. वरचा तो पापणी हलवत नव्हता, खालचाही नाही.

"बंद कर गं," त्याची बायको मला म्हणाली.

त्यानंतर वाडी बदलली. त्याच्या दारावरून जाताना बायका आवाज खाली घेत. पोरं हळूच त्याला बोट लावून पळत. तो कामावर जाईना. बोलता बोलता हात गळ्याशी नेई, काहीतरी चाचपे आणि खाली घेई. ताप नव्हता, पण अंग थंड लागायचं.

मी संतापले. जिवंत माणसाला न विचारता मारणारे हे कोण? तक्रार करू, मोर्चा काढू!

"तुजं पत्रक ऱ्हाऊ दे," बायको म्हणाली. "त्यो फोटो कुटं हाय त्ये सांग. जित्या माणसाला पडलेला हार घरच्या बाईनंच उतरवायचा असतो. तोवर माणूस आपला नसतो."

चौकशी करत आम्ही तिघं टेंपोनं खालापूरकडच्या एका गोदामात गेलो. शूटिंगचं सामान तिथे भाड्यानं मिळतं. वॉचमन टेंपोतून उतरलाच नाही. आत पलंग, दिव्याचे खांब, थर्माकोलची तोफ, आणि मागची अख्खी भिंत हार घातलेल्या फोटोंची. म्हातारे, सुना, फौजी. पत्र्याच्या भोकांतून येणारं ऊन त्यांच्या काचांवर पडलं होतं.

"कुठला पाहिजे?" गोदामवाल्यानं विचारलं. "शहीद की आजोबा?"

"जिता," ती म्हणाली.

आपल्या माणसाच्या फोटोवरचा हार तिनं दोन्ही हातांनी उतरवला. प्लास्टिकची फुलं, कोमेजायची सोय नाही. मग शेजारच्या बाईच्या फोटोकडे तिचा हात गेला. "हीबी कुटंतरी भाकऱ्या थापत असंल."

"ती ऱ्हाऊ द्या, ताई," गोदामवाला म्हणाला. "ती गेली. फोटो काढला तवा चांगली होती."

तिचा हात तिथेच थांबला. ती दाराकडे वळली आणि नवऱ्याला नावानं हाक मारली. इतक्या दिवसांत तिला त्याचं नाव घेताना मी ऐकलं नव्हतं. तिनं पुन्हा हाक मारली, यावेळी जोरात, भांडल्यासारखी.

"काय गं वरडतीस?" तो दारात उभा होता. उन्हामुळे तोंड दिसत नव्हतं.

"आत नगं येऊस," ती म्हणाली. "तितंच थांब. पर बोलत ऱ्हा."

तो कारखान्यातल्या साहेबाला शिव्या घालू लागला. त्या ऐकत तिनं फोटो चौकटीतून काढला, गुंडाळून पदराखाली धरला आणि भिंतीकडे पाठ न करता, मागे मागे सरकत बाहेर आली. मीही तशीच आले.