वजरी म्हणून वापरलेली वीट

भुताखेतांना मी कधी भ्यायले नाही. आमच्या वसईत माणूस पुरला की पुरला, परत आलेला एकही मी सत्तर वर्षांत पाहिला नाही. चौथीपर्यंतच शिकले, पण डोकं ठिकाणावर आहे. तरी हे लिहिते, कारण चूक माझ्या हातून झाली... आणि भोगतेय माझी नात.

मी शारजात मुलाकडे राहते. विल्सन पाण्याच्या पंपांच्या कंपनीत इंजिनियर आहे. मागच्या हिवाळ्यात कंपनीने त्याला तीन आठवडे इराणला, अहवाझला पाठवलं. सुट्टीत त्याने तिथली जुनी शहरं पाहिली – शुश्तरचे दगडात कोरलेले पाण्याचे पाट, शूशचे पडके महाल, आणि चोगा झंबील नावाचं विटांचं टेकडीएवढं देऊळ, तीन हजार वर्षांपूर्वीचं. तिथून येताना या शहाण्याने विटेचा एक तुकडा खिशात घातला.

"चोरी केलीस," मी म्हटलं.

"अगं आई, असे लाखभर तुकडे पडलेत तिथे!"

तुकडा शोकेसमध्ये गेला. माझी गावाहून आणलेली टाचा घासायची वजरी तेव्हा हरवली होती, आणि इथल्या कोरड्या हवेत टाचा फुटतात. सुपरमार्केटातल्या प्लास्टिकने काय होणार? हा तुकडा तळहाताएवढा, खरखरीत, एका कडेला पाच बारीक खळगे. मी तो रोज दुपारी आंघोळीला नेऊ लागले. घासायचे नेहमी त्याच कडेच्या एका टोकाने.

आठवड्याभरात एमा शाळेतून आली आणि उजवा बूट काढून म्हणाली, "आजी, माय लिटल टो इज स्लीपिंग." एमा माझी नात, सहा वर्षांची. करंगळी बर्फासारखी गार. मी तेल चोळलं. चार दिवसांनी शेजारचं बोटही तसंच.

मग एका संध्याकाळी फरशीवर रक्त दिसलं. फुटलेल्या कपाची काच त्या बोटात पार आत घुसली होती, आणि पोरगी कार्टून बघत हसत होती.

एक्स-रे झाला, नसा तपासल्या. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल.

शेजारची परवीन मूळची शुश्तरची, लग्न होऊन इथे आलेली. ती एमासाठी सूप घेऊन आली. हात धुवायला बाथरूममध्ये गेली आणि तो तुकडा घेऊन बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"खानम, ये क्या किया आपने? ये तो बच्चे का पाँव है!"

तिने सांगितलं – देवळाच्या विटा ओल्या असताना कुणा लेकराचा पाय पडला होता, तो ठसा अजून लोकांना दाखवतात. तसाच हा दुसरा असावा. मी चष्मा लावला. आंघोळीला चष्मा कोण लावतं? ते खळगे नव्हते, बोटं होती. उजव्या पायाची. अंगठा आणि पुढची दोन स्पष्ट. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी घासून सपाट केलं होतं.

विल्सन हसला. "आई, कोइन्सिडन्स आहे."

"असेल. मग तिसरं बोट तू घासून दाखव."

त्याने हात पुढे केला... आणि मागे घेतला. हसणं तिथेच खलास.

इराणच्या पुढच्या खेपेला विल्सन तो तुकडा देवळाच्या पहारेकऱ्याच्या हातात देऊन आला. शिव्या खाल्ल्या, खायलाच हव्या होत्या. एमाचं तिसरं बोट शाबूत राहिलं. आधीच्या दोन बोटांतली जाणीव मात्र परत आली नाही. नवा डॉक्टर नवं नाव सांगतो; खरं कारण मात्र कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

रोज सकाळी मोजे घालताना मी तिची पाचही बोटं चिमटते. अंगठ्याला आणि पुढच्या दोघांना ती किंचाळून पाय ओढते. हल्ली उरलेल्या दोघांनाही "आउच" म्हणते... पण आधी माझ्या तोंडाकडे बघते, आणि मग म्हणते.