सव्वा तासाचं विमान

मीटरवरचा आकडा मी तीनदा पाहिला. पेशंट पाच आणि औषध चौघांपुरतंच.

मी रायपूरच्या एका स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय हे दिसावं म्हणून आम्ही पेशंटला एक किरणोत्सारी औषध टोचतो. ते दोन तासांच्या आतच निम्मं होतं. बाटली बंद असो, विमानात असो, त्याचं घटणं थांबत नाही. आमचं औषध सकाळच्या फ्लाइटने हैदराबादहून शिशाच्या डब्यात येतं. कुठल्या वेळेला किती उरलेलं हवं, ते मागवतानाच कळवावं लागतं.

त्या दिवशीची ऑर्डर मी पहिल्यांदाच एकटीने दिली होती. नेटवर दोन विमानतळांमधलं अंतर पाहिलं, वेळ पाहिला. सव्वा तास. फार शहाणी मी! पाचही डोस विमान उतरायच्या वेळेचे मागवून मोकळी झाले. डबा कार्गोतून सुटायला वेळ लागतो, पुढे शहरापर्यंतचा रस्ता आहे, मग एकेकाला सुई, हे सगळं राहूनच गेलं.

"डोज कितने बजे का मंगाया था?" डॉक्टरांनी विचारलं.

"लैंडिंग का, सर."

"पेशंट रनवे पे लेटा है क्या?"

"सर, पाँचों को थोड़ा-थोड़ा कम दें तो?"

"फिर पाँचों की फोटो धुंधली आएगी."

यादीत शेवटच्या होत्या समता कॉलोनीतल्या रामटेके काकू. आधी ऑपरेशन की आधी केमो, हे याच स्कॅनवर ठरणार होतं. रात्रीपासून उपाशी होत्या. शेजारी काका, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड.

"काकू, आज तुमचं औषध कमी पडलं. ती फ्लाइट जरा..."

"फ्लाइट टायमावर उतरली," काका म्हणाले. "मी मोबाईलवर पाहूनच राहिलो होतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग खरं तेच सांगितलं. हिशोब माझा चुकला, पुढचं औषध परवा येईल, तेव्हा पहिला नंबर तुमचा.

"गाडी टेशनात लागली म्हंजे पॅसेंजर घरी पोचला काय, बाई?" काकांचा आवाज चढला. "दोन दिस आमी कसे काढाचे?"

"काहून ओरडता पोरीले?" काकूंनी पिशवीतून डबा काढला आणि मला विचारलं, "आता मी खाऊ काय?"

मी मान डोलावली.  त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी त्या पुन्हा उपाशीपोटी आल्या. स्कॅन नीट झाला. आजार पसरलेला नव्हता, ऑपरेशनही झालं. पसरलेला निघाला असता, तर ते दोन दिवस मी जन्मभर मोजत बसले असते.

विमान अजून सव्वा तासाचंच आहे. ऑर्डर देताना मात्र मी आधी शेवटच्या पेशंटचं नाव लिहिते, मग त्याच्या सुईची वेळ. हैदराबाद त्यानंतर.